गच्चीवरची बस

मे महिन्यात माझी भाची वाईहून आली की ठाण्यातले सगळे नातेवाईक तिला तलावपाळीला नेतात. होडीत बसवतात, भेळ खाऊ घालतात आणि परत आणून सोडतात. यंदा ती आल्या आल्या म्हणाली, "मामा, आमच्याकडे कृष्णा आहे, धोम धरण आहे. मला सारखं पाणी काय दाखवता?"

पटलं मला. म्हटलं, "बरं. तुमच्या वाईत नाही अशी नदी दाखवतो. संध्याकाळी बूट घाल, चप्पल नको."

आणि सहा वाजता तिला घेऊन निघालो ठाणे स्टेशनला. तिच्या आजीनं दारातच कपाळाला हात लावला. "लोक स्टेशनवरून घरी येतात आणि हा पोरीला घरून स्टेशन बघायला नेतोय!"

घोडबंदर रोडवरून आमची बस निघाली. स्टेशन जवळ आलं तशी ती एकदम चढाला लागली. भाचीनं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. "मामा, ठाण्यात पण पसरणीचा घाट आहे?" घाट अर्ध्या मिनिटात संपला. बस थांबली तेव्हा भाचीनं खाली पाहिलं. खाली रस्ता, रस्त्यावर रिक्षांच्या रांगा, रिक्षांच्या टपांवर ठेवलेली पुसायची फडकी. आणि वर आम्ही, बससकट.

"अगं बाई, बस गच्चीवर चढलीय!"

या गच्चीला ठाणेकर 'सॅटिस' म्हणतात. एका लांबलचक इंग्रजी नावातली पहिली अक्षरं घेऊन हा शब्द झालाय, पण पूर्ण नाव विचारलंत तर दहातले नऊ ठाणेकर दुसरीकडे बघतील. युक्ती मात्र सोपी आहे. पूर्वी स्टेशनबाहेर बस, रिक्षा, हातगाडी आणि चालणारा माणूस असे चौघंही एकाच जमिनीवर एकमेकांना आडवे जायचे. मग स्टेशनच्या पश्चिमेला बससाठी वरचा मजला बांधला, रिक्षांना खालचा दिला. रेल्वेचे पूलही वरच असतात. त्यामुळे गाडीतून उतरलेला माणूस पूल चढला की रस्त्यावर न उतरता बसकडे जाऊ शकतो. रिक्षाच्या चाकाखाली पाय सापडायची भीती नाही.

आम्ही दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि पुलावर एक कोपरा धरला. कोपराच बरं का! पुलाच्या मधोमध उभे राहिलात तर काय होईल ते पुढे येईलच.

पुलाच्या जाळीतून खाली रूळ दिसतात आणि रुळांच्या वर विजेची तार. भाची ती तार बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, ही वाकडी बांधलीय."

शाब्बास! मला हे कळायला चाळीस वर्षं लागली होती, तीही कुणीतरी दाखवल्यावर. लोकलच्या टपावर एक घडीचा सांगाडा असतो, पँटोग्राफ. तो तारेला खालून घासत जातो आणि वीज घेतो. ही वीज 25,000 व्होल्टची. आपल्या घरात असते 230ची. म्हणजे घरच्यापेक्षा शंभरपटीहून जास्त, म्हणून पुलाला ती जाळी. आता समजा तार अगदी सरळ, रुळांच्या बरोबर मधोमध बांधली, तर ती पँटोग्राफच्या पट्टीवर रोज एकाच जागी घासेल. विहिरीच्या काठावर दोरानं खाच पडते ना, तशी खाच पडेल. म्हणून तार एका खांबापाशी वीतभर डावीकडे ओढतात आणि पुढच्या खांबापाशी वीतभर उजवीकडे. गाडी धावताना तार पट्टीवर या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत राहते आणि पट्टी सगळीकडून सारखी झिजते. पुढच्या वेळी पुलावरून जाल तेव्हा बघा. तार नागमोडी दिसेल.

तेवढ्यात लोकल आली. मुंबईकडून येणारी, फास्ट.

फलाटात शिरताना ती हळू होते तेव्हा एक गंमत चाललेली असते. आपली सायकल ब्रेक लावून थांबवली की रबर तापतं आणि पायडल मारून कमावलेली शक्ती गरम हवा होऊन उडून जाते. नव्या लोकल तसं करत नाहीत. गाडी थांबवायची असली की तिच्या मोटरी उलटं काम करतात. वीज खाऊन चाकं फिरवण्याऐवजी फिरणाऱ्या चाकांपासून वीज बनवतात आणि ती वरच्या तारेला परत देतात. तीच वीज जवळपास निघणाऱ्या दुसऱ्या लोकलला कामी येते. म्हणजे ठाण्यात थांबणारी गाडी ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीला जाता जाता ढकलते म्हणा ना!

पण भाचीचं लक्ष आता तारेवर नव्हतं. गाडी थांबायच्या आतच दारांतून माणसं सांडायला लागली होती. (हे चूक आहे. चालत्या गाडीतून उतरू नका. मोठी माणसं करतात म्हणून तर मुळीच नका.) बघता बघता फलाट दिसेनासा झाला. डोकी, पाठीवरच्या सॅका, डब्यांच्या पिशव्या. वीस-तीस सेकंद. गाडी हलली. आणि तो सगळा लोंढा जिन्यांकडे वळला.

"बघ," मी म्हटलं, "ही आमची नदी."

भाचीनं नाक मुरडलं. "ही नदी नाही मामा. नदी सारखी वाहते. हे धरणाचं दार उघडल्यासारखं आहे. भसकन येतं आणि मग बंद."

मी गप्प बसलो, कारण तिचंच बरोबर होतं. आणि स्टेशनची खरी अडचण तिनं एका वाक्यात सांगितली होती.

आता थोडं गणित करू. कंटाळू नका, सोपं आहे. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार-पाच हजार माणसं असतात. एका डब्यात किती? साधारण चारशे. हा चारशेचा आकडा लक्षात ठेवा, कारण याच ठाण्यात तो एकदा मोठ्या थाटानं आला होता. 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली ती ठाण्यापर्यंत, 34 किलोमीटर. तिला तीन इंजिनं, चौदा डबे. तोफांची सलामी झाली. आणि आत पाहुणे होते चारशे. संपूर्ण गाडीत मिळून! आज तेवढे लोक एका डब्यात मावतात आणि तोफ कुणी वाजवत नाही. तेव्हा ठाण्याला यायला साधारण तासभर लागला होता. आजची स्लो लोकलही मुंबईहून ठाण्याला यायला तासभरच घेते. पण ती वाटेत सतरा स्टेशनांवर थांबून येते, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं.

चारशे माणसं मावतात तरी कशी? हे तुम्हाला घरीच करून बघता येईल. शाळेतल्या तीस सेंटिमीटरच्या पट्टीनं मोजून खडूनं जमिनीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन काढा. त्यात मित्रांना उभं करा. पाच जण आरामात मावतील. आठ झाले की खांद्याला खांदा लागेल. दहाव्याला तुम्हीच म्हणाल, नको बाबा. लोकलमध्ये अगदी कडेलोट गर्दी असते तेव्हा तेवढ्याच जागेत चौदा ते सोळा जण उभे असतात! रेल्वेवाल्यांना या गर्दीसाठी एक खास इंग्रजी नाव बनवावं लागलं, 'सुपर डेन्स क्रश लोड'.

आता असं धरू की आपल्या लोकलमधून ठाण्यात बाराशे माणसं उतरली. तीन मीटर रुंदीचा जिना. गर्दीत एक मीटर रुंदीतून सेकंदाला साधारण एक माणूस चढतो असं धरलं, तर सेकंदाला तीन माणसं वर. बाराशेंना किती वेळ? चारशे सेकंद. जवळजवळ सात मिनिटं! आणि पुढची लोकल चार मिनिटांत हजर. म्हणजे पहिले लोक जिन्यात असतानाच दुसरे बाराशे मागे येऊन उभे. एकच जिना असता तर ही रांग रात्रीपर्यंत वाढतच गेली असती. म्हणून स्टेशनला एक नाही, बरेच पूल लागतात, जिने लागतात, सरकते जिने लागतात.

आता ठाण्याच्या पाच नंबर फलाटाचं काय झालं ते ऐका. पाच आणि सहा हे फास्ट गाड्यांचे फलाट, पाठीला पाठ लावलेले. कल्याणकडे जाणारे आणि मुंबईकडे जाणारे दोघंही एकाच चिंचोळ्या पट्टीवर उभे. ही पट्टी रुंद करायची तर जागा कुठून आणायची? दोन्हीकडे रूळ. मग 2024च्या मे महिन्याच्या शेवटी तब्बल 63 तासांचा ब्लॉक घेतला, शेकडो लोकल रद्द केल्या, आणि चक्क रूळ बाजूला सरकवले. मोकळ्या झालेल्या जागेत आधीच तयार करून ठेवलेले काँक्रीटचे पोकळ ठोकळे रचून फलाट रुंद केला. किती? दोन-तीन मीटर. एवढ्या खटाटोपानंतर दोनच मीटर, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. पण वरचं गणित केलंत ना? दोन मीटर म्हणजे सेकंदाला दोन माणसं जास्त. मिनिटाला एकशेवीस.

भाचीला मात्र फलाटापेक्षा इंडिकेटरवरच्या इंग्रजी अक्षरांनी खिळवून ठेवलं. "के म्हणजे कल्याण. टी म्हणजे ठाणे. मग 'एन' म्हणजे नाशिक?" नाही. एन म्हणजे कसारा. आणि 'एस' म्हणजे कर्जत. कसाऱ्यात एन कुठून आला? कल्याणच्या पुढे रुळांना दोन फाटे फुटतात. एक ईशान्येला जातो, एक आग्नेयेला. ईशान्येच्या इंग्रजी नावातला एन कसाऱ्याला मिळाला, आग्नेयेच्या नावातला एस कर्जतला. नव्या माणसाला हे कुणीच सांगत नाही. तो एकदोनदा चुकतो आणि मग शिकतो.

लोंढा पुलावर आला. आम्ही कोपऱ्यात आणखी अंग चोरलं.

"मामा, हे लोक एकमेकांवर आपटत का नाहीत?"

खरंच की! सॅटिसकडे जाणारे शेकडो आणि बसमधून उतरून गाड्यांकडे येणारे शेकडो, समोरासमोर. रंगवलेल्या पट्ट्या नाहीत, पोलीसमामा मध्ये उभे नाहीत. आणि तरी नीट पाहिलं तर पुलावर रांगा पडलेल्या दिसतात. एक जाणारी, तिच्या शेजारी एक येणारी, मग परत एक जाणारी. शेंड्यावर असतो एखादा घाईतला उंच माणूस. तो समोरच्या गर्दीत फट पाडतो आणि मागचे सगळे त्याच्या पाठीला चिकटतात, कारण त्या फटीत चालणं सोपं. काही जातींच्या मुंग्यांच्या वाटेवरही हेच दिसतं. डर्क हेल्बिंग आणि पीटर मोल्नार या दोन शास्त्रज्ञांनी 1995 साली गंमत केली. त्यांनी चालणारी माणसं म्हणजे एकमेकांना दूर ढकलणारे ठिपके आहेत असं मानलं. प्रत्येक ठिपक्याला एवढंच माहीत की आपल्याला कुठे जायचंय आणि कुणाला धक्का लागू द्यायचा नाही. संगणकावर हे ठिपके समोरासमोर सोडले, तर त्यांनीही आपोआप रांगा केल्या! रांगा करा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता कळलं, पुलाच्या मधोमध फोन बघत थांबणाऱ्या माणसावर ठाणेकर का वैतागतात? तो रांगेचा शेंडा मोडतो.

गाडीच्या आत तर याहून मोठा कारभार असतो. मुलुंड सुटलं की डब्यात विचारणा सुरू होते, "ठाणा? ठाणा उतरणार?" उतरणारा पुढे सरकतो, न उतरणारा आत जातो किंवा कडेला चिकटतो. दोन स्टेशनांच्या मधे, हलत्या डब्यात, सोळा-सोळा माणसं एका चौकोनात असताना ही अदलाबदल होते. ज्याला हे जमत नाही त्याची काय गत होते ते मी अनुभवलंय. कॉलेजात असताना एकदा दारात हवा खात उभा होतो. उतरायचं ठाण्याला, पण घाटकोपरला मागच्या गर्दीनं मला उचललं आणि फलाटावर ठेवलं. अलगद, काहीही न बोलता. डबा गेला माझा, म्हणजे लोकलचाही आणि जेवणाचाही.

साडेसात वाजले. आम्ही लोंढ्याबरोबर सॅटिसवर आलो. आणि इथे भाचीच्या धरणाचं उत्तर मिळालं.

गाडी ओतते बाराशे माणसं, एका दमात. बसमध्ये मावतात किती? बसलेले आणि उभे मिळून साधारण साठ. म्हणजे हंडा वाटीत ओतायचाय. सगळे बसला जात नाहीत हे खरं. कुणी चालत निघतं, कुणी खाली शेअर रिक्षा धरतं, कुणी वडापावच्या गाडीपाशी अडकतं. तरी उरलेल्यांना जोपर्यंत वाट्या येत राहतात तोपर्यंत कुठेतरी साठवायला हवं. पूल, जिने आणि ही गच्ची तेच करतात. धरणाचं भसकन आलेलं पाणी इथे थोडं थांबतं आणि मग पाटापाटानं जातं. एक पाट लोकमान्यनगरला, एक पवारनगरला, एक वृंदावन सोसायटीला.

"वाईच्या स्टँडवर आम्ही एसटीची वाट बघतो," भाची म्हणाली. "इथे बसच माणसांची वाट बघतेय."

आमच्या बसपाशी रांग होती. अगदी सरळ, शहाणी रांग. ड्रायव्हरकाका चहा संपवून चढले, बस सुरू झाली, आणि रांगेची रांग नाहीशी होऊन दारापाशी गोळा झाला. प्रत्येकाला खिडकी हवी. आणि गंमत म्हणजे बराच वेळ कुणीच आत जाईना. दोन खांदे दारात अडकले, तिसऱ्याची सॅक चौथ्याच्या कोपरात. कंडक्टर आतून ओरडले, "ओ, एकेक या हो! गाडी काय तुम्हाला सोडून चाललीय का?" मग सगळे सरकन आत.

घरी आल्यावर भाचीला मी एक पुठ्ठा दिला आणि डब्यातला राजमा. पुठ्ठ्याचं नरसाळं केलं, खालचं भोक दोन-तीन दाणे जातील एवढंच ठेवलं. दाणे ओतले. थोडे पडले, मग अडकले. वाकून पाहिलं तर भोकावर दाण्यांनी कमान केली होती. एकमेकांना रेटणारे चार-पाच दाणे, जुन्या दगडी पुलाच्या कमानीत दगड असतात तसे. वरून जितकं दाबावं तितकी कमान घट्ट. बसच्या दारात तेच झालं होतं, फक्त तिथे राजम्याला खांदे होते. गर्दीवर काम करणाऱ्यांनी यावरही प्रयोग केलेत. दाराशी घाई जितकी जास्त, तितके लोक उशिरा बाहेर पडतात.

भाचीनं नरसाळ्याला टिचकी मारली. कमान मोडली, आठ-दहा दाणे पडले, परत कमान. परत टिचकी. मग तिनं नवाच खेळ काढला. दाणे एकदम न ओतता एकेक सोडायचे, आणि प्रत्येकाला कंडक्टरच्या आवाजात सांगायचं, "एकेक या हो!"

एकही अडकला नाही. मग तिनं मूठभर ओतले, जोरात, मुद्दाम. नरसाळं निसटलं आणि राजमा फ्रीजखाली, गॅसच्या ओट्याखाली, सगळीकडे पळाला.

"उद्याच्या उसळीचा राजमा होता तो," आजी दारातून म्हणाली. "आता दोघांनी मिळून वेचा. सगळे दाणे मोजून परत आले पाहिजेत."

भाची ओट्याखाली अर्धी शिरली होती. तिथूनच आवाज आला, "मामा, तू फ्रीजच्या बाजूनं ये, मी इकडून येते. समोरासमोर आलो की बघू, रांग होते का!"